वीतभर सैल

विहिरीनं तळ दाखवला आणि धाकट्या भावाचं काम बंद पडलं. त्याचं काम गालिचे धुण्याचं. गालिचा म्हणजे काही चादर नव्हे, दोन तांबे ओतले आणि पिळली. फरशीवर पसरायचा, शंभर बादल्या ओतायच्या, लाकडी फावड्यानं लवेच्या अंगानं पाणी रेटत न्यायचं, की परत शंभर बादल्या. निघणारं पाणी पिण्यासारखं दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. आता विहिरीत धड कळशी बुडत नव्हती, तिथं बादल्यांचं नाव कोण घेणार?

मग तो दिवसभर मागाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायला लागला. एरवी त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. "तुमची ती लोकर माझ्या नाकात बसते," म्हणायचा, आणि दारातूनच चहाचे कप आत सरकवायचा. आता नाकात काय बसतं न बसतं याची त्याला शुद्ध नव्हती. मागासमोर बसायची लांब फळी होती. तिच्या उजव्या अंगाला त्याची बायको बसायची. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

दोन भाऊ, दोन जावा आणि एक माग, असं ते घर. थोरला भाऊ लोकर रंगवायचा. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. पाहुणे जेवायला बसले की आधी त्याच्या हातांकडं बघायचे आणि मग ताटाकडं. दोघी जावा विणायच्या. विणून झालं की धाकटा लव कातरायचा, धुवायचा, वाळवायचा. पांढरी लोकर दारातून आत यायची आणि गालिचा होऊन बाहेर जायची, मधलं सगळं या चौघांच्या हातून. थोरलीची दोन पोरं शहरात कामाला लागलेली. धाकटीला मूल नव्हतं.

धाकटीला घरात सगळे भिंगरीच म्हणायचे. तोंड आणि हात दोन्ही सारख्याच वेगानं चालायचे तिचे. थोरलीशी वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसली, पण गप्प अशी कधी बसली नाही. गाठ मारता मारता सगळ्या गल्लीचा समाचार घ्यायची. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, कोणाच्या नवऱ्यानं केस काळे करताना उशी काळी करून ठेवली. थोरली हूं हूं करत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "अगं ओळ बघ, ओळ." तर भिंगरी म्हणायची, "अक्का, ओळ हातांना दिसते. तोंडाला कुठं डोळे असतात?"

आता थोरली एकटीच विणत होती. अर्धी ओळ डाव्या अंगाला बसून करायची, मग ढुंगण घासत फळीवरून उजवीकडं सरकायचं आणि उरलेली अर्धी करायची. मग आडवा धागा ओवायचा आणि पंजा घेऊन ठोकायचा. पंजा म्हणजे लोखंडी दातांचा, मुठीत धरायचा, चांगला शेर-दीड शेर वजनाचा. पूर्वी त्या खोलीतून दोन पंजांचा आवाज यायचा, एकानं विचारल्यासारखा आणि दुसऱ्यानं उत्तर दिल्यासारखा. आता एकच वाजायचा. उजव्या बाजूला सरकताना थोरली दरवेळी जराशी अडखळायची. फळीवर तिथं भिंगरीच्या बैठकीनं खळगा पडलेला होता, आणि थोरलीचं अंग त्या खळग्यात काही केल्या बसेना. तीन आठवड्यांत चार बोटं काम झालं होतं.

पट्टीवाला आला तो भर दुपारी, फटफटीवरून. व्यापाऱ्याचा माणूस. शर्टाच्या खिशात कायम पोलादी पट्टी, म्हणून पट्टीवाला. माणूस वाईट नव्हता. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, त्यातून घाम गळत होता.

"आधी पाणी द्या, मग बोलू," तो म्हणाला. पाणी प्याला, ओठ पुसले. मग मागाकडं बघून आवाज खाली आणला. "ऐकलं मी. फार वाईट झालं. वय काय होतं?"

"अडतीस," थोरली म्हणाली.

"अरेरे." जरा वेळ तसाच उभा राहिला. असल्या वेळी किती उभं राहायचं असतं ते त्याला ठाऊक होतं. मग खिशात हात गेला.

गालिचा निम्म्याच्या वर आलेला होता. तांबड्या जमिनीवर निळी फुलं, एकाखाली एक. पट्टीवाला दोन पावलं मागं सरला, एक डोळा मिटला.

"हे फूल असं का लांबलंय, बाई? खालची सगळी गोल आहेत. हे बघा, हे आणि हे. काकडी झालीय त्यांची."

थोरली गाठ मारत राहिली. पट्टीवाला मागाच्या पाठीमागं गेला. गालिच्याची खरी परीक्षा पाठीवरच होते. तोंडावर लव असते, ती सगळं झाकते. डाव्या काठाशी त्यानं पट्टी लावली, ओठ हलवत मोजलं. मग मध्यावर लावली. उजव्या अंगाला भिंत होती, रंगाच्या डब्यांची उतरंड होती, तिथं तो शिरला नाही.

"खाली बोटभर उंचीत दहा ओळी. वरच्या चार बोटांतही दहा. मधल्या वीतभरात आठच. ठोकलंच नाहीये बाई. सैल सोडलंय नुसतं."

"ती आजारी होती," भिंतीकडून धाकटा म्हणाला. तेव्हा कुठं पट्टीवाल्याला कळलं की खोलीत हाही आहे.

"असेल हो. मी कुठं नाही म्हणतो? पण हा जोडीतला दुसरा आहे. पहिला मागच्या साली गेला. दोन्ही शेजारी शेजारी अंथरणार ते लोक. एकात फुलं आणि एकात काकड्या, तुम्ही तरी घ्याल का?" त्यानं पट्टी मांडीला पुसली. "तिथपर्यंत उसवा आणि परत विणा. तीन महिन्यांनी येतो. दहा भरले तर पुढच्या गालिच्याचा नकाशा घेऊनच येतो. नाही भरले तर माग न्यायला गाडी पाठवावी लागेल. माग मालकाचा आहे, माझा असता तर..."

"तुमचा असता तर काय केलं असतं?" दारात थोरला उभा होता, हातावरून निळं पाणी ठिपकत होतं.

पट्टीवाल्यानं विचार केला. "खरं सांगू? हेच केलं असतं," म्हणाला आणि फटफटीकडं गेला.

गल्लीत आधी तीन माग होते. दोन तसेच गाडीत घालून गेले होते. त्यावर बसणाऱ्या बायका आता रस्त्याच्या कामावर खडी वाहायच्या. त्यांतली एक पाणी भरायला यायची तेव्हा थोरलीसमोर हात पदराखाली घ्यायची. गाठी मारणारी बोटं होती ती, आता त्यांची नखं उरली नव्हती.

रात्री तिघं जेवायला बसली. थोरला म्हणाला, "वीतभरच उसवायचं आहे. तीन महिन्यांत होईल."

"कोणी हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला.

"अरे, पण माग गेला तर..."

"जाऊ दे. दादा, तिचं काय उरलंय या घरात? दोन लुगडी आणि ती वीत. लुगडी वहिनी वापरतील. ती वीत मी उसवू देणार नाही." ताट तसंच सारून तो उठला. ताटात अन्न टाकणारा माणूस नव्हता तो.

"आणि खाणार काय? गालिच्याची लव उपटून?" थोरला मागून ओरडला. मग आपणच ओशाळला आणि निळ्या बोटांनी भावाच्या ताटातलं आपल्या ताटात ओढून घेतलं.

थोरली खरकटी ताटं उचलायला लागली. ती वीत कोणाच्या हातानं सैल पडली ते तिला ठाऊक होतं.

थंडीत भिंगरीचा खोकला सुरू झाला होता. आधी हसण्यावारी नेला. मग दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाला, छातीत वर्षानुवर्षांची लोकर साठलीय, आता तिला मागावर बसवू नका. भिंगरी घरी येऊन फळीवर बसली ती बसलीच. "अक्का, मी मेले की मला पिंजून घ्या. एक उशी तर नक्की निघेल," म्हणाली. थोरलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि हाताला पाठीचे मणके लागले म्हणून हात चटकन मागं घेतला.

त्यानंतर भिंगरीच्या पंजाचा आवाज उतरला. थोरली कान देऊन ऐकायची. पूर्वीचा घसघशीत ठोका नव्हता. टक टक टक असा काहीतरी बारीक आवाज यायचा. थोरलीला कळून चुकलं, पोरीच्या हातात आता काही राहिलं नाही. आणि माग हा असला चहाडखोर! आपण घट्ट ठोकलं की आपली बाजू खाली बसणार, तिची सैल बाजू वर राहणार, ओळ तिरकी दिसणार, आणि भिंगरीला आपल्या हाताची कथा आपल्याच डोळ्यांनी वाचावी लागणार. म्हणून थोरलीनं आपला पंजा हलका धरला. ठोकल्यासारखं करायची आणि सोडायची. आणि ओळ सरळ राहिली. दुपारी स्वयंपाकघरातलं आवरून परत आली की बघायची, ओळ अशी की पाणी ओतलं तर वाहू नये. मनात म्हणायची, बरं झालं, बरोबर ओळखलं आपण. दोन महिने असं चाललं. मग एक दिवस भिंगरी फळीवरून उठली ती तिला उचलूनच न्यावी लागली.

सकाळी थोरली मागावर बसली ती गाठी उसवायची आकडी घेऊन. वरची चार बोटं तिची एकटीची होती. ती काढायला कोणाची परवानगी नको होती. वरचा आडवा धागा ओढून घ्यायचा, मग आकडीच्या टोकानं एकेक गाठ उचलायची, ओढायची. तांबडे, निळे पुंजके मांडीवर पडत गेले. तीन आठवड्यांचं काम. ते काढायलाही दोन दिवस लागले. धाकटा भिंतीपाशी बसून नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी ती भिंगरीच्या शेवटच्या ओळीशी आली, आणि तो उठून पुढं आला. उजव्या अंगाच्या गाठींवर त्यानं तळवा ठेवला. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्याच्या तळव्याची कातडी कायमची सुरकुतलेली होती.

"बास वहिनी. इथपर्यंतच."

थोरलीनं आकडी खाली ठेवली. "भाऊजी, बसा. एक सांगायचंय."

"उभ्यानंच सांगा."

"सैल हात तिचा नव्हता. माझा होता." सांगायला लागली तसं सगळंच बाहेर पडलं. पंजाचा आवाज कसा उतरला, ओळ तिरकी पडू नये म्हणून तिनं हात कसा सोडला, सगळं. "तिला वाईट वाटू नये म्हणून केलं. पाप केलं की पुण्य, मला ठाऊक नाही. पण काम माझ्यामुळं बिघडलं. तेव्हा तुम्ही तिचं म्हणून जे धरून बसलाय ना, त्यात माझी चूक भरलीय. ती मला काढू द्या."

धाकट्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"कोणाचा हात सैल होता म्हणालात?"

"माझा. तिचा पडला होता, म्हणून मी माझा..."

"तिचा नव्हता पडला." तो खाली बसला, सावकाश, फळीला धरून. "ती मला म्हणाली होती. दुपारी तुम्ही आत गेलात की मी चहा घेऊन यायचो ना, तेव्हा. म्हणाली, अक्कांचा हात सैल पडलाय हो. माझं दुखणं काढून काढून दमल्यात त्या. रात्रंदिवस मला उठवायचं, बसवायचं, आणि वर पुन्हा हा पंजा. कोणाला बोलू नका म्हणाली. दादांनासुद्धा नाही. मी सांभाळून घेते, म्हणाली."

"सांभाळून घेते? म्हणजे काय करते?"

"ते मला काय कळतंय? मी धुणारा माणूस. पण मी आलो की ती विणतच असायची. मी म्हणायचो, अगं वहिनी गेल्यात तोवर तरी टेक जरा. तर म्हणायची, टेकायला पुढं भरपूर वेळ आहे."

थोरली उठली. मागाच्या पाठीमागं गेली, रंगाचे डबे पायानं सारले आणि पट्टीवाला जिथं शिरला नव्हता तिथं, भिंत आणि गालिचा यांच्या मधल्या फटीत, आडवं होऊन घुसली. खिडकीचा उजेड उभ्या धाग्यांतून येत होता. तिनं उजव्या काठाशी बोट आडवं धरलं आणि नखानं ओळी मोजल्या. दहा. तिला वाटलं चुकलं. खाली मोजल्या, वर मोजल्या. दहा. दुसरीकडं दहा. सरकत सरकत मध्यावर आली. आठ.

मग तिला ते दिसलं. दर चार ओळींमागं एक जास्तीची ओळ होती. उजव्या काठापासून निघायची, मध्यापर्यंत यायची आणि तिथून आडवा धागा वळून पुन्हा काठाकडं जायचा. अर्धीच ओळ, भिंगरीच्या बाजूपुरती. खालच्या ओळीचेच रंग पुन्हा एकदा घेतलेले, म्हणजे फुलाचा मेळ बिघडू नये. चार ओळी झाल्या की एक. पुन्हा चार, पुन्हा एक. वीतभर.

भिंगरीचा पंजा घट्टच बसत होता. एका ठोक्यात बसत नव्हता म्हणून ती तीन मारत होती. टक टक टक. थोरलीनं आवाज बारीक झालेला ऐकला; ठोके वाढलेले काही तिनं मोजले नाहीत. त्यामुळं भिंगरीची बाजू खाली बसत होती आणि थोरलीची फुगून वर राहत होती. आणि ती सरळ दिसावी म्हणून, थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत असताना, ज्या बाईला जिना चढवत नव्हता ती बाई अर्ध्या अर्ध्या ओळी जास्तीच्या विणत होती. एकेका ओळीत दोनशे गाठी. थोरलीनं परत आल्यावर पाहिलं होतं तिला, कपाळावर केस चिकटलेले, छाती वरखाली होतेय. विचारलंही होतं, "काय गं, बसल्या बसल्या कसला घाम?" तर म्हणाली होती, "अक्का, तुमच्यासारखं नुसतं बसायला मला जमत नाही."

थोरली फटीतून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना कोळिष्टकं लागलेली होती. ती फळीवर बसली. रडू आलं नाही. तोंड उघडं होतं आणि त्यातून नुसताच वारा जात येत होता.

"काय आहे तिथं?" धाकट्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. बोटानं दाखवलं. त्याला अर्धं कळलं, अर्धं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरलं. तो गुडघ्यात डोकं घालून बसला.

त्या दिवशी पुढं काम झालं नाही. दुसऱ्या दिवशीही थोरली आली, बसली, आणि आकडीला हात लावला नाही. थोरल्यानं दारातून दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "अगं, दिवस मोजके आहेत."

"मी उसवणार नाही."

"आता तू पण?"

"मी पण. त्या पट्टीवाल्याला सांगा, थोरलीनं गालिचा नासवला. माग घेऊन जा म्हणावं. खडी वाहीन मी."

"या गुडघ्यांनी?" थोरला म्हणाला. तिनं आकडी आणखी लांब सारली, तसा तो रंगाच्या हौदाकडं परत गेला आणि बराच वेळ काठीनं रिकामंच पाणी ढवळत राहिला.

दुपारी तिच्या डोक्यात एक आलं. ती भिंतीकडं वळली. धाकटा तिथंच होता.

"भाऊजी, असं केलं तर? मध्यावर आडवे धागे कापते. माझी डावी बाजू तेवढी उसवते आणि घट्ट विणते. तिची आहे तशी राहील. मध्ये जोड येईल, पण मी धाग्यात धागा असा घालीन की पाठीवर बोट फिरवलं तरी लागणार नाही."

धाकट्याचे डोळे क्षणभर उजळले. तो मागापाशी आला. मध्यावर अंगठा ठेवला आणि वरून खाली फिरवला. सगळ्या आयुष्यात हजारभर गालिचे त्यानं ओले हाताळले असतील. ओला गालिचा दोन माणसांना उचलत नाही. धुतल्यावर तो वाळायला आडव्या लाकडी बल्लीवर टाकतात आणि सगळं वजन एका ओळीवर येतं.

"पट्टीवाल्याला नाही लागणार," तो म्हणाला.

"मग?"

अंगठा तिथंच होता.

"बोला की."

"पहिल्याच धुण्याला फाटेल, वहिनी. इथून सरळ, वरपासून खालपर्यंत. धागे कापून जोडलेलं मी पाहिलंय. पाणी प्यायलं की ते सुटतं." आवाज फुटला त्याचा, पण थांबला नाही. "दुसऱ्या कोणाला विचारलं असतंत तर हो म्हणाला असता. मला विचारलंत. मी धुतो."

बाहेर कोणी तरी रिकामी बादली विहिरीत सोडली, ती दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"काढा," धाकटा म्हणाला.

"नाही काढणार. ती मरता मरता..."

"मरता मरता तिनं ते कशाला केलं? हा गालिचा पास व्हावा म्हणून. तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून. आता माग गेला आणि वर तुमचंच नाव खराब झालं, तर तिनं दुपारच्या दुपारी खोकत कशासाठी काढल्या?" तो ओरडत नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला काय वाटतं ते विचारू नका. मला वाटतं हा असाच भिंतीला लावावा आणि त्याच्याखाली मरून पडावं. पण तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही."

थोरलीनं आकडी उचलली. तिनं ती परत ठेवली.

"माझी बाजू मी काढते," ती म्हणाली. "तिची माझ्याच्यानं नाही व्हायची, भाऊजी. त्या खळग्यात बसून नाही व्हायची."

धाकट्यानं पायातल्या चपला काढल्या. फळी ओलांडून आत आला आणि उजव्या अंगाला बसला. आपल्या बायकोच्या जागेवर तो पहिल्यांदाच बसत होता. गुडघे कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. ती बारीक होती, हा आडव्या हाडाचा. शेवटी एक पाय दुमडून, एक लांब करून बसला.

"दाखवा. गाठ कशी सुटते?"

तिनं दुसरी आकडी त्याच्या हातात दिली. "हे टोक गाठीच्या पोटाखाली घाला. तसं नाही, लव बाजूला सारा आधी. हां. आता दोन उभ्या धाग्यांना मिठी मारलेली दिसतेय का? ती उचला. हलकेच. आता ओढा."

गाठ सुटेना. त्यानं पुन्हा घातली, पुन्हा निसटली. "घट्ट मारलीय हो हिनं," तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम वेगळाच आला, कौतुक केल्यासारखा. तिसऱ्यांदा गाठ आली. निळ्या लोकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यानं तो तळहातावर घेऊन पाहिला. वीस वर्षं तो तिच्या गालिच्यांवर पाणी ओतत होता, पण तिची एक गाठ कशी असते ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"एवढुसं?"

"एवढुसंच," थोरली म्हणाली.

पहिली ओळ काढायला त्याला दीड तास लागला. थोरलीची बाजू पाव तासात झाली होती. सैल गाठी त्या, हात लावला की येत होत्या. तिनं त्याच्या बाजूला हात पुढं केला, दोन गाठी तरी आपण घ्याव्यात म्हणून, आणि मध्येच थांबली. हात परत आपल्या मांडीवर घेतला. त्याची झाली, मग दोघांनी मिळून आडवा धागा ओढला, आणि ती पुढच्या ओळीला लागली.

संध्याकाळपर्यंत दोन ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा हात जरा बसला, दुपारपर्यंत आणखी दोन झाल्या. त्याच्या बोटांची टोकं सोलवटून निघाली होती. तो ती तोंडात धरायचा आणि पुन्हा आकडी घ्यायचा. थोरल्यानं चहाचे दोन कप दारातून आत सरकवले आणि न बघता निघून गेला.

पाचव्या ओळीला धाकट्यानं आकडी घातली आणि थोरलीकडं पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

"वहिनी, लागा की. ही ओळ राहिली."

"ती माझ्याकडं नाही, भाऊजी."

"म्हणजे?"

"ती मध्यावर संपते. तिथं बघा, धागा वळलाय. ती तिची एकटीची आहे." थोरलीनं बोटानं तो वळसा दाखवला. "ती तुम्हालाच काढावी लागेल."

धाकट्यानं मान खाली घातली, लव बाजूला सारली आणि पहिली गाठ शोधायला लागला. दोनशे होत्या. थोरली शेजारी बसून राहिली. तिला करण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.